मेलो तो परत इलो

जुलैत वेंगुर्ल्याला लाइट गेली की येईपर्यंत वाट बघायची, एवढंच हातात असतं. पुतण्याने लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवला होता, त्यात ‘हॅलोविन’ या भयपटाचा दुसरा भाग. पडवीत काकी सुरीने आठळ्यांची पांढरी सालं काढत बसलेली. पडद्यावरही सुरी, पडवीतही सुरी. खर्रकन आवाज आला की कुठून आला ते कळेना.

“मेलो ना रे तो पयल्या पिच्चरात?” काकीने विचारलं.

“सहा गोळ्या लागल्या, गॅलरीतून पडला. खाली बघतात तर गायब.”

“मगे बरोबर हा. इतक्यान कोण मरता?”

काकीला पटलं, म्हणजे निम्मं काम झालं. १९७८चा पहिला भाग जिथे संपतो, तिथूनच, त्याच रात्री १९८१चा हा भाग सुरू होतो. खुन्याचा तोच मुखवटा, त्याच्या तावडीतून वाचलेली तीच पोरगी, फक्त आता हॉस्पिटलात. इथवर मजा येते. मग मध्येच कळतं, की ती पोरगी त्याची बहीण आहे, आणि माझा सगळा रस आटतो. कारण कळलं की भूत भाऊबंदकीत येऊन बसतं. त्यासाठी आमच्याकडे मुखवटा लागत नाही, सातबारा पुरतो. आमच्या सीमेवरचा राखणदार देवचार रात्री का फिरतो हे कधी कोणी विचारलंय? फिरतो. नारळ द्यायचा, गप्प घरी यायचं.

पुढचे भाग नुसतेच पैशासाठी, असं म्हणणारे असतात. असतीलही. पण जेसन नावाच्या खुन्याची ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ही मालिका घ्या. १९८०च्या पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. दुसऱ्यात तो डोक्यावर पिशवी घालून फिरतो. आज पोरं टी-शर्टवर मिरवतात तो हॉकीचा मुखवटा येतो थेट तिसऱ्या भागात, १९८२ला. तिथवर थांबायचा धीर हवा.

मला मात्र २०१८चा ‘हॅलोविन’ सगळ्यांत आवडतो. मधले सगळे भाग त्याने खुंटीला टांगले, भाऊ-बहिणीचं नातंही लोकांची वावडी ठरवून सोडून दिलं. चाळीस वर्षांनी तीच पोरगी, तीच नटी जेमी ली कर्टिस, आता आजी झालेली. घराला कुलपं, हाताशी बंदुका, लेकीशी धड बोलणं नाही. तो परत कसा आला यात मला फारसं स्वारस्य नव्हतं. ती त्या एका रात्रीतून अजून बाहेर आलेली नाही, ते मी बघत बसलो.

काकीने लग्न झालं त्या वर्षी व्हाळाजवळ, ओढ्याकाठी, काहीतरी बघितलं होतं. काय, ते ती सांगते. दर पावसात सांगते, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पण पूर्वी ती हे सांगताना हसायची. आता सांगून झालं की उठून मागचं दार एकदा ओढून बघते. आणि बॅटरी घरात असूनही काळोखात व्हाळाकडे जायचं तर झावळ्यांची चूड पेटवूनच जाते.

पिक्चर संपायला वीसेक मिनिटं असताना लॅपटॉप बंद पडला. मिट्ट काळोख, कौलांवर पाऊस. पुतण्याला नेमकं तेव्हाच मागीलदारी जायचं होतं.

“चल, मी येतंय,” म्हणत काकी उठली. सुरी हातातच होती.

“काकी, नको,” तो म्हणाला. “मी सकाळी जाईन.”