व्हियों खरंच फ्रान्सचा सरसेनापती होता का?

पंधराव्या शतकातला फ्रेंच कवी फ्रान्स्वा व्हियों याच्यावरचा 'इफ आय वेअर किंग' हा १९३८चा सिनेमा पाहिला की हा प्रश्न ठरलेलाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, एक दिवसही नाही.

सिनेमात बर्गंडीच्या फौजांनी पॅरिस वेढलंय, लोक उपाशी आणि राजा अकराव्या लुईची कोठारं भरलेली. फ्रान्स्वा व्हियोंच्या (रोनाल्ड कोलमन) हातून फितूर सेनापती मरतो. राजा त्यालाच ते पद देतो आणि आठवड्याने फाशीही ठरवून टाकतो. प्रत्यक्षात बर्गंडीची फौज पॅरिसवर चालून आली १४६५ साली. व्हियोंचं नाव असलेला शेवटचा सरकारी कागद ५ जानेवारी १४६३चा. वेढ्याच्या आधीच गडी गायब!

खून मात्र खरा आहे. मेला तो सेनापती नव्हे, फिलिप सेर्मोआझ नावाचा पाद्री. जून १४५५, भांडणात. पुढच्या जानेवारीत माफी मिळाली आणि त्याच वर्षीच्या नाताळात व्हियों आणि साथीदारांनी पॅरिसच्या नावार कॉलेजची तिजोरी फोडली. भिंत चढून आत, कुलुपं काढायला एक जाणकार, एकजण बाहेर अंगरखे सांभाळत. पाचशे सोन्याची नाणी गेली आणि चोरी लक्षात आली ती थेट मार्चमध्ये. अंगरखेवाल्यानेच पुढे एका पाद्र्यापुढे बढाई मारली, म्हणून बिंग फुटलं. हा प्रसंग सिनेमात हवा होता, असं राहून राहून वाटतं.

नायिका कॅथरीन द व्होसेल हे नाव मात्र व्हियोंच्याच कवितेतलं. तिथे ती राजवाड्यातली मानिनी वगैरे नाही. तिच्यापायी आपल्याला नागवं करून ओढ्यावरच्या धुण्यासारखं बडवलं, एवढंच तो सांगतो. हॉलिवूडने त्या माराचं प्रेमप्रकरण केलं.

लुईचा खरा संबंध एवढाच: १४६१मध्ये ऑर्लेआंच्या बिशपने व्हियोंला म्यां-स्युर-ल्वार गावच्या कोठडीत डांबलं होतं, नवा राजा त्या गावी आला आणि कैदी सुटले. तरी बॅसिल रॅथबोनचा खोकड लुई चुकवू नका, ऑस्करचं नामांकन त्याला उगाच मिळालेलं नाही.

शेवट मात्र इतिहासाच्या बराच जवळ आहे. सिनेमातला राजा व्हियोंला माफ करून पॅरिसबाहेर घालवतो. खरी शिक्षाही आधी फाशीची होती, ती पॅरिसच्या पार्लमेंटने (हे तेव्हाचं वरिष्ठ न्यायालय) बदलून दहा वर्षांची हद्दपारी केली. पडद्यावर कॅथरीन त्याच्यामागून निघते. कागदोपत्री त्याच्यामागे कोणीच नाही.