आमची वाटचाल : सहा महिन्यांच्या पगाराची ठेव

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमची हिशेबनिशीची छोटी पेढी आहे. सुरुवातीला दुकानदारांच्या वह्या आणि विवरणपत्रे एवढेच काम होते; विश्वस्त संस्थांचे काम सुरू झाले ते रावपुऱ्यातील एका मानसिक आरोग्य संस्थेमुळे. माडीवरच्या दोन खोल्या, दोन समुपदेशिका, आठवड्यातून दोनदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि वर्षाकाठी सुमारे बारा लाखांची जमा, एवढाच तिचा पसारा.

त्या कामात माझ्या हातून झालेली चूक येथे नोंदवलीच पाहिजे. मार्च 2019 मध्ये शिल्लक दिसू नये म्हणून उरलेले पैसे खर्चून टाका, असा सल्ला मी दिला आणि संस्थेने कपाटे व खुर्च्या घेतल्या. पुढच्या वर्षी टाळेबंदीत अनुदानाचा हप्ता लांबला, दोन महिने पगार निघाले नाहीत आणि एक समुपदेशिका नाइलाजाने सोडून गेली. चिटणीस काकूंनी भेटींची वही माझ्यापुढे उघडली. तीत नावे नव्हती, क्रमांक होते. एका क्रमांकापुढे सलग अकरा मंगळवार भरलेले आणि नंतरचे रकाने कोरे. "भाऊ, याला आता नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार," काकू म्हणाल्या.

वास्तविक प्राप्तिकर कायद्यानुसार नोंदणीकृत संस्थेने उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करायची असते आणि उरलेले 15 टक्के तिला राखून ठेवता येतात. बारा लाखांवर हे 1,80,000 रुपये होतात. महिन्याचा खर्च 85,000 धरला, तर एका वर्षात दोन महिन्यांची बेगमी होते. अडचण अशी, की प्रकल्पासाठी मिळालेले अनुदान बहुधा त्याच कामाला बांधलेले असते, त्यामुळे ठेव उभी राहते ती मुख्यतः बिनशर्त देणग्यांतूनच. म्हणून आम्ही विश्वस्तांना मोठ्या अनुदानामागे धावण्याआधी दरमहा पाचशे रुपये देणारी माणसे जोडायला सांगितले, आणि ठराव करून घेतला की ही मुदत ठेव पगाराखेरीज कशासाठीही मोडायची नाही.

सहा महिन्यांचे उद्दिष्ट अजून गाठलेले नाही; साडेचार महिन्यांइतकी रक्कम जमली आहे. गेल्या वर्षी एक समुपदेशिका प्रसूती रजेवर जाणार होती, तेव्हा बदलीवर येणाऱ्या ताईंना याच ठेवीतून तीन आठवडे आधी नेमता आले, आणि दोघींनी एकत्र बसून एकेक क्रमांक हाती सोपवला.