तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या अरुंद वल्ह्याने कयाक (बसून वल्हवायची चिंचोळी होडी) पुढे जाते तरी कशी?

जाते. ग्रीनलंडच्या पद्धतीच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं; ते जेमतेम 8-9 सेंटिमीटर रुंद असतं, पण लांबी 80 सेंटिमीटरच्या पुढे. क्षेत्रफळ काढून बघा, साधारण 550 चौरस सेंटिमीटर येईल. नेहमीच्या रुंद पात्याचं 600 ते 700 भरतं. फरक आहे, पण डोळ्यांना दिसतो तेवढा नाही. मापं अंगावरूनच घेतात: एक वाव (पसरलेल्या दोन्ही हातांचं अंतर) आणि एक हात (कोपरापासून बोटांपर्यंत) एवढी लांबी, मधला दांडा 45 ते 55 सेंटिमीटर, पात्याची रुंदी मुठीत मावेल तेवढी.

वल्हं उसनं घेऊन पाच मिनिटांत परत करणाऱ्यांची तक्रार ठरलेली: ‘पाण्यात थरथरतं हो.’ थरथरणारच! तुम्ही पातं उभं सरळ धरता आणि पाण्यात शिरताक्षणी हिसका देता. वरची कड 15-20 अंश पुढे झुकवा. अंगठा आणि तर्जनी दांड्यावर, बाकीची बोटं पात्याच्या मुळावर ठेवलीत की कल आपोआप साधतो. पातं मुळापर्यंत बुडेस्तोवर जोर नको. कमरेतून वळताना तो हळूहळू वाढवायचा. ‘बुडुक’ आवाज आला तर पात्यासोबत हवा खाली गेली. एवढं करूनही थरथर राहिली तर पात्याच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही, रंधा मारून तो सारखा करा.

पातं अरुंद का, याचं खरं उत्तर मात्र कयाक उलटल्यावर मिळतं. ग्रीनलंडचा शिकारी कातडी अंगरखा बैठकीच्या कड्याला आवळून बसायचा. बर्फगार पाण्यात बाहेर पडून पोहणं हा पर्यायच नव्हता. उलटे झालात की पुढे वाका आणि ज्या बाजूने वर यायचं त्या बाजूला वल्हं कयाकला समांतर पृष्ठभागावर न्या. हात सरकवा: एक जवळच्या पात्यावर, दुसरा दूरच्या पात्याच्या मुळाशी. आता जवळजवळ अख्खं वल्हं एका बाजूला पसरलेलं असतं. दोन्ही पाती एकाच प्रतलात असल्यामुळे डोळे मिटूनही कड कुठे आहे ते हाताला कळतं. पुढची कड किंचित उचलून वल्हं कयाकशी काटकोन होईपर्यंत फिरवा. पातं खाली ओढू नका, ओढलंत की बुडतं. अंग पृष्ठभागाशी आलं की त्या बाजूचा गुडघा वर दाबा, कयाकच्या मागच्या डेकवर (वरच्या सपाट भागावर) पाठ टेकवत या, डोकं सर्वांत शेवटी. बहुतेकांचं इथेच फसतं: श्वासाच्या घाईत डोकं आधी वर येतं आणि कयाक पुन्हा उलटते. पाठीचा टेका उंच असेल तर मागे झुकताच येत नाही. तो आधी काढा. ग्रीनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत तर हेच नुसत्या हाताने करणारे आहेत.

रुंद पात्याने हे होत नाही का? होतं, उत्तम होतं. खडकाळ नदीत, उथळ पाण्यात किंवा झटकन वेग घ्यायचा असेल तर मीही तेच घेईन. अरुंद पात्याने खांदे कमी दुखतात हा मुद्दा पूर्वी मी हिरिरीने मांडायचो. आता ‘मला बरं वाटतं’ यापुढे जात नाही. ‘तिथे झाडं नव्हती म्हणून पातं अरुंद,’ असं कोणी म्हटलं की मात्र डोकं फिरतं. लाकूड सायबेरियातून समुद्रावर वाहत यायचं, दुर्मीळ होतं, कबूल. पण टंचाई हेच एक कारण असतं, तर वल्हं एवढं लांबलचक कशाला केलं असतं? अर्थात हेही काही शेवटचं उत्तर नव्हे.

आणि हो, वल्हं सागवानाचं करू नका. घनमीटरला 650 किलोच्या आसपास भरतं, वेस्टर्न रेड सीडर हे हलकं लाकूड 370च्या. 38 बाय 89 मिलिमीटरची बिनगाठीची, सरळ रेषांची फळी शोधा. व्हार्निश ओल्या हातात निसटतं. जवसाचं तेल लावा आणि तेलाच्या चिंध्या पसरून वाळवा, बोळा करून टाकलात तर आपोआप पेटतात.