निशाणी ४३

दिवाणी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून मी तेवीस वर्षे काढली होती आणि त्या काळात किती जणांना शपथ दिली असेल, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पट्टेवाला दाराशी पुकारा करतो, साक्षीदार पिंजऱ्यात येतो, चप्पल काढावी की नाही या विचाराने घुटमळतो आणि मी मान वर न करताच विचारते, "ईश्वराला स्मरून की प्रतिज्ञेवर?" २०१९ सालच्या फेब्रुवारीत हाच प्रश्न मला विचारला गेला. न्यायालय माझे नव्हते, तालुकाही दुसरा होता. पण खोली आमच्यासारखीच होती, पिंजऱ्याच्या कठड्याचे पॉलिश हातांच्या घामाने आमच्यासारखेच गेलेले होते, आणि शपथ देणारा तरुण कारकून काही वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली हे काम शिकून गेलेला होता. त्याने "म्हणा" म्हणायच्या आत मीच सवयीने त्याला "म्हणा" म्हटले. वकील हसले, न्यायाधीशही हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या एका शब्दाने मी कोणत्या बाजूला उभी आहे हे माझे मलाच कळले.

शपथेबद्दल लोकांच्या कल्पना चित्रपटांतून आलेल्या असतात. "गीता कुठंय?" असे विचारणारा साक्षीदार महिन्यातून एखादा तरी येतोच. १९६९ च्या शपथ कायद्यात कोणत्याही ग्रंथावर हात ठेवण्याची अट नाही. जे सांगेन ते सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याशिवाय काही नाही, एवढेच देवाला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर म्हणायचे असते. गंगाजल किंवा कुराण हाती देऊन शपथ घ्यायला लावण्याची पद्धत इंग्रजी अमदानीतच, १८४० च्या कायद्याने बंद झाली, कारण अशी सक्ती लोकांच्या मनाला पटत नव्हती आणि त्यामुळे न्यायाच्या कामातच अडथळे येत होते. तरी १८७३ च्या शपथ कायद्यात अशी सोय शिल्लक होती की, समोरच्याने अमुक पद्धतीने शपथ घेऊन सांगितले तर ते मला मान्य, असे एका पक्षाने म्हणावे, आणि मग ती साक्ष त्याच्यावर बंधनकारक व्हावी. कायद्यातून ती तरतूद १९६९ साली गेली, गावातून गेलेली नाही. आमच्याकडे अजूनही भाऊ भावाला म्हणतो, "कोर्टात काय सांगायचं ते सांग, पण बेलभंडारा उचलशील का?" कोर्टात धडधडीत खोटे बोलून आलेला माणूस त्या प्रश्नापाशी मात्र गप्प झाल्याचे मी पाहिले आहे. उलट, एका ख्रिस्ती शिक्षकांनी माझ्यापुढे देवाची शपथ घेण्यास नम्रपणे नकार दिला होता. शपथच वाहू नका, असे त्यांच्या शास्त्रात सांगितले आहे, म्हणून प्रतिज्ञेवर सांगतो, असे ते म्हणाले. जाताना त्यांनी असेही सांगितले की, त्यांच्या मंडळीत 'साक्ष देणे' म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे. "तिथे उलटतपासणी नसते, बाई," असे ते म्हणाले, ते मला फार आवडले होते.

मला समन्स आले होते ते माझ्या सख्ख्या आत्याच्या मृत्युपत्रावरची साक्षीदार म्हणून.

आत्या जेजुरीच्या बाजूच्या एका गावी राहत असे. घर तिच्या स्वतःच्या नावावर होते. २००९ सालच्या चंपाषष्ठीला मी नेहमीप्रमाणे तिच्याकडे गेले होते. तळी भरून झाली होती, ताम्हणातला भंडारा सगळ्यांच्या कपाळी लागला होता, चुलीवर भरताची वांगी भाजली जात होती. आत्याने मला आतल्या खोलीत बोलावले आणि ट्रंकेतून एक टंकलिखित कागद काढला. घर शेवटपर्यंत तिची उस्तवार करणाऱ्या मुलीला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, मिळावे आणि दोन्ही मुलांना शेतजमीन, असा त्यात मजकूर होता. खाली आत्याची सही होती. शेजारी गावातल्या डॉक्टरांची साक्षीदार म्हणून सही होती. ते सकाळीच येऊन गेले होते. आत्याने पिवळी झालेली तर्जनी आपल्या सहीवर टेकवली आणि म्हणाली, "ही माझी सही. माझ्या हातानं केलीय, शुद्धीत केलीय. मल्हारीची आण. आता तू कर." मी तिच्यासमोर बसून सही केली. तिचे बोट उठले तेथे हळदीचा डाग राहिला, तो मी पदराने पुसायला गेले, तर तिने माझा हात धरला. "राहू दे, देवच आहे तो," असे तिने म्हटल्याचे मला आजही जसेच्या तसे आठवते.

माझी चूक त्याच क्षणी झाली. साक्षीदारांच्या सह्यांच्या वर नेहमीचे वाक्य छापलेले होते, की आम्हां दोघां साक्षीदारांच्या समक्ष मृत्युपत्र करणाऱ्याने सही केली आणि आम्ही एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. यांतले काहीच तसे घडलेले नव्हते. इतरांच्या कागदांतले एकेक अक्षर तपासणारी मी, आत्याच्या कागदावर मात्र घरच्या माणसाच्या भाबडेपणाने सही करून मोकळी झाले.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ तसे उदार आहे. साक्षीदाराने सही होताना पाहिली पाहिजे, किंवा 'ही माझी सही' अशी कबुली करणाऱ्याकडून प्रत्यक्ष ऐकली पाहिजे, आणि त्याच्यासमोर स्वतःची सही केली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. म्हणजे आत्याच्या बोटाने आणि त्या आणेने माझ्यापुरते कलम पूर्ण होत होते. अडचण पुढेच होती. पुराव्याच्या कायद्यानुसार दोघांपैकी निदान एका हयात साक्षीदाराला न्यायालयात आणावे लागते. १८७२ च्या कायद्यात हे कलम ६८ होते, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच ६७ झाले आहे. आणि २००३ च्या अहवालांत छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल, जो मृत्युपत्राच्या प्रत्येक दाव्यात वकील पुढे करतात, असे सांगतो की, तो एकच साक्षीदार आणला तर त्याला दुसऱ्याची सहीही रीतसर झाल्याचे सिद्ध करता आले पाहिजे. डॉक्टर २०१४ मध्ये वारले, आत्या २०१६ मध्ये. डॉक्टरांना सही करताना मी पाहिलेले नव्हते. हा निकाल माझ्या कानांवरून इतक्यांदा गेला होता की, समन्स हाती पडताच माझ्या एका 'नाही'ची किंमत मला कळली होती.

घरात दोन तट पडले होते. आतेबहिणीच्या वकिलांनी निरोप पाठवला की, कागदावर लिहिले आहे तेवढेच बोला, जास्त खोलात जाऊ नका. माझा सख्खा भाऊ दुसऱ्या बाजूने सांगू लागला की, दहा वर्षे झाली, सरळ 'आठवत नाही' म्हण. मी रोज ऐकते त्यांतले हे सर्वांत स्वस्त वाक्य. त्याच्यासाठी कोणाला शिक्षा होत नाही आणि कायद्यानेही ते गृहीत धरलेले आहे. साक्षीदार नाकारू लागला किंवा विसरला, तर दुसऱ्या पुराव्याने दस्त सिद्ध करता येतो.

पण खरा पेच दादांचा होता. मृत्युपत्राविरुद्ध दावा लढवणारे थोरले आतेभाऊ, म्हणजे आमचे दादा, माझ्या लग्नाचे साक्षीदार होते. १९९८ साली मी जातीबाहेर लग्न केले. वडिलांनी पाऊल टाकले नाही. विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागली, आणि त्या तीस दिवसांत ओळखीतल्या एकेकाने अंग काढून घेतले. विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नवऱ्याचे दोन मित्र होते, माझ्याकडून कोणीच नव्हते. दादा पहाटेच्या एसटीने आले, सही केली, आम्हां दोघांना मिसळपाव खायला घातला आणि दुपारच्या गाडीने परत गेले. आमच्या लग्नात अग्नी नव्हता, अंतरपाट नव्हता, सप्तपदी नव्हती. जी काय साक्ष होती, ती दादांची. आणि आता त्यांच्याच दाव्यात मी पिंजऱ्यात चढत होते.

मला समन्सवर बोलावलेले असल्याने सरतपासणी, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूची तपासणी, प्रतिज्ञापत्रावर न होता समक्षच झाली. आतेबहिणीच्या वकिलांनी विचारले, "तुमच्या समक्ष सही केली ना?" विरुद्ध बाजूने सूचक प्रश्नाला हरकत घेतली, ती बरोबरच होती. मग प्रश्न सुटा झाला : काय घडले? मी जे घडले ते सांगितले. सही आधी झालेली होती, आत्याने बोट ठेवून ती आपली असल्याचे सांगितले, मी तिच्यासमोर सही केली. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला त्यांचा राग समजत होता.

उलटतपासणी दादांच्या वकिलांनी फार सभ्यपणे घेतली, आणि सभ्य उलटतपासणी नेहमीच जास्त धोक्याची असते.

"डॉक्टरांनी सही केली तेव्हा तुम्ही हजर होतात?"

"नाही."

"म्हणजे या कागदावर तुमच्या सहीच्या वर लिहिलेले वाक्य खोटे आहे?"

"ते वाक्य घडले तसे नाही."

"तुम्ही न्यायालयात नोकरी करता. न वाचता सही केलीत?"

"वाचून केली. ती माझी चूक होती."

मग त्यांनी तो पिवळा डाग दाखवला. कागद नंतर तयार केला आणि जुना, पवित्र वाटावा म्हणून त्याला हळद फासली, असे त्यांचे सुचवणे होते. मी कागद हातात मागितला. दहा वर्षांत तो डाग फिका होऊन चहाच्या थेंबासारखा दिसत होता, पण त्याच्या कडेला बोटाच्या रेषा अजून वाचता येत होत्या, आणि आत्याच्या सहीतला शेवटचा काना त्याच्याखाली गेलेला होता. "हा भंडारा आहे, आणि तो सहीच्या वर आहे," एवढेच मी म्हणाले. वकिलांनी तो विषय सोडून दिला.

न्यायाधीश लघुलेखकाला साक्ष सांगत होते, तसे माझे बोलणे त्या ठरावीक भाषेत उतरत होते, "हे म्हणणे खरे नाही की…" या घडीव शब्दांत. माझ्या मेजाशेजारीच हजारो साक्षी अशा उतरल्या. पण आपलेच बोलणे परक्याच्या आवाजात ऐकू येताना, ते आपले आहे की नाही, असा क्षणभर संशय येतो. साक्ष वाचून दाखवताना एके ठिकाणी "आत्याने माझ्यासमोर सही केली" असे आले. मी हात वर केला आणि "सही केली नाही, सही दाखवली" असे म्हणाले. त्यांनी दुरुस्ती करून घेतली. आतेबहीण मागच्या बाकावर बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. त्या एका क्रियापदावर तिचे घर टांगलेले होते, हे तिलाही कळत होते आणि मलाही. मृत्युपत्र निशाणी ४३ म्हणून, म्हणजे त्या क्रमांकाचा पुरावा म्हणून, वाचले गेले, आणि कारकुनाने मारलेला शिक्का डागाच्या अगदी कडेला पडला.

बाहेर व्हरांड्यात नाझरकडून भत्त्याचे पैसे घ्यायला मी थांबले होते. दादा खांबाला टेकून उभे होते. ते जवळ आले नाहीत आणि निघूनही गेले नाहीत. मीच गेले. "माझ्या बाजूचं बोलली नाहीस, तिच्याही बाजूचं बोलली नाहीस," असे ते म्हणाले, आणि ही तक्रार होती की आणखी काही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. मी त्यांना एसटीच्या त्या दिवसाची आठवण करून देणार होते, पण ते मला कर्जफेडीच्या भाषेसारखे वाटले आणि मी गप्प राहिले.

पुढे त्या सकाळी डॉक्टरांबरोबर आलेल्या कंपाउंडरला शोधून आणावे लागले, आणि त्याच्या साक्षीने डॉक्टरांच्या सहीची बाजू भरून निघाली. न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध धरले. दादांनी जिल्हा न्यायालयात अपील केले, ते अजून चालू आहे.

त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला मी आत्याच्या घरी गेले. आमच्याकडे तळी उचलायला पाच पुरुष लागतात. दोघे आतेभाऊ आले नाहीत, तेव्हा शेजारच्या दोन मुलांना हाक मारून ताम्हण उचलले, "येळकोट येळकोट" झाले. आरती होते न होते, तोच दादांचा मुलगा अंगणात आला. तो आत आला नाही. "बाबांनी भंडारा मागितलाय," एवढेच म्हणाला. आतेबहिणीने वर्तमानपत्राच्या कपट्यात पुडी बांधली आणि उंबऱ्यावरूनच त्याच्या हातात दिली.