वाचलेला तास कुणाचा?

मी इंग्लंडमध्ये सोशल वर्कर आहे, डिचोलीची माझी मावसबहीण अंगणवाडी सेविका. परवा फोनवर तिने विचारलं, “तुमच्या तिथे म्हणे घरभेटीचा रिपोर्ट मशीनच लिहितं? मग तुम्हांला काम काय उरलं?” पणजीत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्या एका मुलीनेही जवळपास हेच विचारलं होतं, फक्त तिच्या प्रश्नात काळजी होती. या शिक्षणाला पुढे नोकरी आहे की नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. दोघींना एकदमच उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

मी राहते त्या स्विंडनची गोव्यातल्या वाचकांना ओळख करून द्यायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलेल्या आपल्या माणसांची मोठी वस्ती इथे आहे. बसमध्ये, गोदामाच्या शिफ्टला, मासळीच्या दुकानात कोकणी कानावर पडते. याच स्विंडनच्या आणि लंडनमधल्या बार्नेट व किंग्स्टनच्या स्थानिक प्रशासनांनी २०२४ साली सोशल वर्करच्या हाती ‘मॅजिक नोट्स’ नावाचं साधन दिलं. फोन टेबलावर ठेवायचा, समोरच्याची परवानगी घ्यायची आणि बोलायला लागायचं. भेट संपली की काही मिनिटांत संभाषणाचा सारांश तयार होतो. पुढे काय करावं हे सुचवलेलं असतं, डॉक्टरला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदाही असतो. मी ज्या संस्थेत काम करते तिचं नाव इथे देत नाही. आमच्याकडचं साधन दुसरं आहे, पण काम तेच करतं.

ते चांगलं काम करतं, हे आधी स्पष्ट सांगते. वृद्ध किंवा अपंग माणसाला मदतीची गरज दिसली की त्याची रीतसर पाहणी करणं इथे ‘केअर ॲक्ट २०१४’ या कायद्याने बंधनकारक आहे. अंघोळ, जेवण, पैसे, औषधं, एकटेपणा, पडण्याची भीती, सगळ्याची नोंद लागते. एका भेटीनंतर संध्याकाळ त्यातच जायची. भेटीत अर्धं लक्ष वहीत, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जायचं. आता ते लक्ष मोकळं झालं आहे. ज्या सहकाऱ्यांना लिहिताना डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचा, त्रास होतो, त्यांना तर याने मोठाच आधार दिला.

पण हा कागदाचा डोंगर आला कुठून? तो बराचसा कॉम्प्युटरनेच आणला होता. मुलांच्या संरक्षणासाठी इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात एक मोठी संगणकप्रणाली आली, इंटिग्रेटेड चिल्ड्रन्स सिस्टिम. प्रत्येक गोष्टीला रकाना, प्रत्येक रकान्याला मुदत. प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी सरकारसाठी बालसंरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला, २०११ मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला. नियम आणि नोंदी सांभाळण्यात सोशल वर्करचा वेळ जातो आणि मूल बाजूला पडतं, हा त्याचा गाभा. २०१८ मध्ये इथल्या सोशल वर्करांच्या संघटनेने ‘८०-२०’ नावाची मोहीम काढली, कारण कामाचा ८० टक्के वेळ कॉम्प्युटर आणि कागदांपाशी जात होता आणि जेमतेम २० टक्के माणसांपाशी. म्हणजे एका यंत्राने नेलेला वेळ आता दुसरं यंत्र परत देतं आहे. तो परत आलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हा माझ्या मते या सगळ्यातला खरा प्रश्न.

एक भेट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बार्देशातली एक आजी, इथे मुलाकडे राहते. माझ्याशी कोकणी-मराठी मिसळून बोलणारी. मी रेकॉर्डिंगसाठी फोन टेबलावर ठेवला, समजावून सांगितलं, तिने मान हलवली. झोप? बरी लागते. जेवण? सून करून ठेवते. गोळ्या? वेळेवर घेते. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा गोळ्यांचा डबा होता, आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेला. त्या दिवशी शुक्रवार होता आणि रात्रीच्या रांगेतले मंगळवार, बुधवार, गुरुवार तसेच भरलेले होते. मी डबा हातात घेतला. तिने फोनकडे बोट दाखवून विचारलं, “हे माझ्या मुलाला ऐकायला मिळेल का?”

मी रेकॉर्डिंग बंद केलं. मग ती बोलली. मुलगा आणि सून दोघंही त्या तीन रात्री गोदामात शिफ्टला असतात. घरात ती आणि चार वर्षांचा नातू. रात्रीच्या गोळीने तिला इतकी गुंगी येते की पोर उठलं तर कळणार नाही, म्हणून त्या रात्री ती गोळी घेतच नाही. मुलावर ठपका यायला नको, म्हणून कुणाला सांगतही नाही.

ऑफिसात येऊन मसुदा उघडला. व्याकरण शुद्ध, मांडणी नेटकी, आणि मध्येच एक वाक्य: औषधं नियमित घेतात, या बाबतीत अडचण नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. आजी जे म्हणाली तेच त्याने लिहिलं होतं. ते वाक्य मी खोडलं, डब्यात काय दिसलं ते लिहिलं, बाकीचं काय आणि कसं नोंदवायचं ते आजीला विचारून ठरवलं. डॉक्टरने औषध बदललं. मुलाच्या शिफ्टचं वेळापत्रक त्याच्या मालकाशी बोलून थोडं हलवता आलं. तयार वाक्य डोळ्यांसमोर असलं की ते तसंच ठेवून सही करण्याचा मोह किती होतो, हे दिवसाला चार भेटी करणाऱ्या कुणालाही विचारा.

ही झाली टिपणांची गोष्ट. यंत्राला निर्णयाच्या खुर्चीत बसवलं की काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या सरकारने २०१६ पासून बेरोजगार भत्ता वगैरे घेणाऱ्यांची वसुली स्वयंचलित केली. लोक तिला रोबोडेट म्हणू लागले. पद्धत अशी: करखात्याकडचं माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं, आणि भत्ता घेतलेल्या पंधरवड्यांतही तेवढी कमाई होती असं धरून पैसे परत मागायचे.

हे गोव्याला लावून बघा. कळंगुटला किनाऱ्यावरच्या शॅकवर, म्हणजे हंगामी खानावळीत, काम करणारा मुलगा ऑक्टोबर ते मे कमावतो. पावसाळ्यात शॅक उतरतो, कमाई शून्य. त्याच्या आठ महिन्यांची मजुरी बारा महिन्यांत पसरली, तर कागदावर तो जुलैतही कमावता दिसेल. जुलैत त्याने सरकारी मदत घेतली असेल तर तो लबाड ठरेल. ऑस्ट्रेलियात नेमकं असंच झालं, हंगामी आणि रोजंदारीवरची माणसं सापडली. नोटीस खोटी आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही त्यांच्यावरच, वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून. २०२० मध्ये सरकारने सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करायचं जाहीर केलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ही सगळी योजना अन्यायाची आणि बेकायदेशीर ठरवली. तोवर लोकांनी जीव दिले होते. आयोगापुढे त्यांच्या आयांनी साक्षी दिल्या.

नेदरलँड्समध्ये पाळणाघर अनुदानाच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा शिक्का बसला, धोका मोजणाऱ्या प्रणालीत माणूस डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. दोन पासपोर्टांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या गोवेकराला यावर जास्त सांगायला नको.

इथल्या आपल्या ज्येष्ठांची अडचण याहून साधी आहे, पण रोजची. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना इथे राहण्याचा हक्क सेटल्ड स्टेटसने मिळाला आणि तो पूर्णपणे ऑनलाइन आहे. कार्ड नाही, शिक्क्याचा कागद नाही. घरमालकाला किंवा कामावर दाखवायचा तर वेबसाइटवर शिरून कोड काढायचा, आणि शिरण्यासाठी नोंदवलेल्या फोनवर किंवा ईमेलवर आलेला आकडा लागतो. ज्यांचा अर्ज भाच्याच्या ईमेलवरून भरला आणि भाचा आता दुसऱ्या देशात आहे, त्यांनी काय करायचं? माझ्या आठवड्यातला बराच वेळ या कुलपांच्या किल्ल्या शोधण्यात जातो. तुमचे कुणी इकडे असतील तर त्यांना आजच सांगा: ईमेल आणि फोन नंबर स्वतःचा करून घ्या, पासपोर्ट नवा काढला असेल तर तोही खात्यात नोंदवा.

गोव्यात हे पाऊल पडलेलंच आहे. मावसबहिणीच्या फोनमध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाड्यांचं सरकारी ॲप आहे, आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवावा लागतो. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या आतल्या वाड्यावर, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथल्या सेविकेने काय करावं? गरोदर बाईला ती नावानिशी ओळखते, तिच्या सासूलाही ओळखते. तरी चेहरा जुळला नाही तर पाकीट द्यायचं की नाही हे फोन ठरवणार. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. उद्या तो फक्त चेहऱ्यावरून किंवा बोटाच्या ठशावरून घ्यायचा ठरला, तर आयुष्यभर काजूच्या बागेत राबलेल्या बोटांचे ठसे उमटतील का? हरयाणात २०२२ मध्ये सरकारी नोंदीने १०२ वर्षांच्या एका आजोबांना मृत ठरवून पेन्शन थांबवली. आपण जिवंत आहोत हे दाखवायला त्यांना रोहतकमध्ये रथातून मिरवणूक काढावी लागली, तेव्हा पेन्शन सुरू झाली.

यंत्र नको असं मी म्हणत नाही. अर्ज घरून भरता येणं, पैसे थेट खात्यात येणं, तालुक्याच्या ठिकाणी चार खेपा न घालाव्या लागणं, हे गरिबालाच जास्त उपयोगी पडतं. माझा आग्रह एवढाच की ‘नाही’ हा शब्द यंत्राने म्हणू नये. पेन्शन बंद, आहार बंद, मूल घरातून काढायचं, असा निर्णय असेल तर त्याखाली एका माणसाचं नाव हवं. त्या माणसाला पंचायतीत किंवा मामलेदार कचेरीत जाऊन भेटता यायला हवं, आणि ॲप काहीही म्हणो, चूक त्याच दिवशी दुरुस्त करायचा अधिकार त्याला हवा. गोवा लहान आहे. तिथे हे जमू शकतं, मोठ्या राज्यांपेक्षा लवकर जमू शकतं.

पणजीच्या त्या मुलीला: हो, नोकरी आहे. पण तयार मसुदा वाचायला शीक. प्रत्येक वाक्यापाशी थांबून, हे मी पाहिलं, की मला सांगितलं गेलं, की यंत्राने जोडलं, हे विचारायला शीक. भाषा शीक, घरात शिरल्यावर कुठे बघायचं ते शीक. ते शिकवायला तुला जुन्या सेविकांइतकं चांगलं कुणी भेटणार नाही.

आणि वाचलेल्या तासाचं काय? आमच्याकडे टिपणं लवकर होऊ लागली तसं वरून विचारणं सुरू झालं, मग प्रत्येकीकडे आणखी काही केसेस देता येतील का. आमच्या टीमने लेखी मागणी केली आहे: या साधनाने जितका वेळ वाचतो तो मोजा, आणि त्यातला निम्मा तरी दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा. म्हणजे पहिल्या भेटीत “सगळं बरं आहे” म्हणणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाता येईल. अंदाजपत्रक ठरतं त्या बैठकीत हा विषय घेऊ, असं उत्तर आलं आहे. त्या बैठकीला आमच्यापैकी दोघींना बसू द्यावं, हे आम्ही सोमवारी कळवलं.