आमची वाटचाल: हिरवे आकडे आणि ओला रस्ता

सातारा रोडवर, धनकवडीच्या जरा अलीकडे आमचं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, दुकान आहे. सुरुवात अण्णांनी केली, पंक्चरपासून. गाडी एका बाजूला ओढते म्हणून कोणी आलं, की अण्णा मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायचे, पट्टीने फट मोजायचे आणि टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) फिरवायचे. टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय) त्यात बऱ्यापैकी लागायचा, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) आणि कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मात्र अंदाजपंचे. चालूनही जायचं, कारण गाड्या साठ-सत्तरच्या वर फारशा पळतच नव्हत्या.

2002 साली मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि तक्रारी बदलल्या. स्टिअरिंग थरथरतं, गाडी लेन सोडते. (थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची, ओढणं अलाइनमेंटचं, आजही निम्मं गिऱ्हाईक दोन्ही एकच समजतं.) मी औंधच्या आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो. कर्ज काढून कॉम्प्युटराइज्ड मशीन आणलं, खंडेनवमीला पूजा केली. अण्णांनी नारळ फोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "हप्ता कोण भरणार?"

हप्ता भरला तो पावसाने. खड्ड्यांमुळे जुलैत गर्दी होते, हे खरंच. पण आमची कामाची पद्धत बदलली ती बिबवेवाडीच्या एका काकांच्या हॅचबॅकमुळे. दुसऱ्या एका दुकानात अलाइनमेंट करून आले होते, हातात प्रिंटआउट, पुढच्या चाकांचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. तक्रार एकच: नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना, रस्ता ओला असला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की गाडीची मागची बाजू हलते. कोरड्यात काही नाही. त्यांच्या घरच्यांनी काकांच्या वयावर ढकलून दिलं होतं.

आम्ही गाडी लिफ्टवर घेतली आणि मागच्या टायरवरून तळहात फिरवला. डाव्या मागच्या टायरच्या नक्षीला करवतीसारखी धार होती: आतून बाहेर हात नेला तर गुळगुळीत, उलटा आणला तर टोचतो. मागचं मोजलं तर त्या चाकाला टो-आउट, म्हणजे तोंड बाहेर वळलेलं. कुठल्यातरी खड्ड्यात मागचा बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) किंचित वाकला होता. आधीच्या दुकानात मागची चाकं मोजलीच नव्हती.

टो 10 मिनिटांनी चुकला (60 मिनिटं म्हणजे एक अंश), तर ते चाक दर किलोमीटरला जवळपास 3 मीटर आडवं घासत जातं. कोरड्या डांबरावर टायरकडे पकड शिल्लक असते, बाकीची तीन चाकं सांभाळून घेतात, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. ओल्यावर तीच पकड कमी पडते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि टो-आउट असलेलं चाक शेपूट बाहेर ढकलतं. कॅम्बर बिघडलेला असेल तर दुखणं वेगळं. टायर एकाच कडेवर झिजतो, बाहेरून नवा दिसतो आणि आतल्या कडेला गोटा. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद धरायचा, पण ती कड वाकून कोण बघतं? पाणी बाहेर टाकायला तिथे खाचाच उरत नाहीत, मग गाडी पाण्यावर तरंगते.

काकांना सांगितलं, या बीमला अ‍ॅडजस्टमेंट नाही, बदलावा लागेल. ते चिडले. इथल्या बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो फिरवता येतो. कॅम्बर चुकला तर लोअर आर्म, स्ट्रट किंवा रबरी बुश असे चाक धरून ठेवणारे भाग बघायचे, पाना चालवायचा नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. काका नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करून, बीम घेऊनच परत आले आणि पुढे त्यांची अख्खी सोसायटी आमच्याकडे आली.

तेव्हापासून बुश फाटलेला किंवा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा सांधा) सैल असेल, तर आम्ही अलाइनमेंट करत नाही. पैसेही घेत नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक शेजारी जायचं आणि शेजारी आनंदाने हिरवा आकडा काढून द्यायचे. सैल जॉइंटवर तो आकडा पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकतो, आणि पुण्यात पहिला स्पीडब्रेकर किती लांब असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

सप्टेंबर 2019च्या आंबिल ओढ्याच्या पुरानंतर सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या गाड्या आल्या. बेअरिंगमध्ये गाळ, सांध्यांवरच्या रबरी बूटमध्ये चिखल. त्या महिन्यात अलाइनमेंटपेक्षा धुण्याचंच काम जास्त झालं.

आता थ्रीडी कॅमेऱ्याचं मशीन आहे. आधी टायरची हवा, मग सैल पार्ट, मग मागची चाकं आणि शेवटी पुढचा टो, हा क्रम मात्र कुठल्याही मशीनवर तोच राहतो. नवी अडचण काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्यांची. मागच्या चाकांचा टो बदलला की अनेक मॉडेलांत त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागतं. सध्या त्यासाठी आम्ही गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. ती उपकरणं स्वतः घ्यावीत असं मुलाचं म्हणणं आहे. हप्त्याचा प्रश्न या वेळी मी विचारला.