दिवाळीनंतर मी गाव का सोडत नाही

पुण्याचे आमचे व्याही दर वर्षी एकच प्रश्न विचारतात, आणि आता मुलगी, जावई, नोकरीतले जुने सहकारी असे सगळेच तो विचारू लागले आहेत: "दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत तुम्ही गाव सोडायला तयार नसता, लग्नाला बोलावले तर सकाळी येऊन रात्रीच्या गाडीने परत जाता; तुमच्या विदर्भात त्या दिवसांत असते तरी काय?" मी आजवर "शेतीची कामे असतात" असे सांगून वेळ मारून नेली. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. यंदा विहीणबाईंनी स्वतः विचारले आणि त्यांना असे उडवून लावणे बरे दिसत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

विदर्भ म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त मे महिना आठवतो. आमचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो हे खरेच आहे. पण त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी उष्णता वर सोडून देते. आभाळ असले की ती अडून राहते आणि थंडी मोडते. आमच्याकडे आभाळाची रात्र कोणालाच आवडत नाही, कारण ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटे (शेंगा) पोखरणारी घाटेअळी पडण्याची भीती असते. त्यामुळे कडाक्याची थंडी पडली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात कुरकुर ऐकू येत नाही. "गव्हाले चांगलं हाये," एवढेच म्हणतात आणि कानाला मफलर गुंडाळून माणूस कामाला लागतो.

आता पहिले सुख सांगतो, ते उन्हाचे. फेब्रुवारी सरल्यापासून पाऊस पडेपर्यंत आम्ही उन्हापासून लपत असतो. आमच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या त्यासाठीच आहेत. ज्याला वर्षभर पाठ दाखवायची त्याच्याकडे तोंड करून बसण्याचे दिवस वर्षातून दोन-अडीच महिनेच येतात. आमच्या मारुतीच्या देवळाची पूर्वेकडची भिंत दगडी आहे. समोरच्या वाड्याची सावली तिच्यावर पडलेली असते, आणि पौषात सकाळी सातच्या सुमारास तिच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यावर पहिले ऊन उतरते. मग सावली जशी हटत जाते तसे ते हळूहळू उत्तरेकडे सरकते. त्या पहिल्या कोपऱ्यावर गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा हक्क असतो आणि पुढे वयाच्या क्रमाने बाकीचे बसतात. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा माझी जागा अगदी शेवटच्या टोकाला होती. तिथे ऊन पोहोचेपर्यंत साडेआठ वाजत. वयाने मी तिथल्या काहींपेक्षा मोठा होतो, पण तीस वर्षे बाहेर काढलेल्या माणसाचे वय गावात बहुधा पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आता मी चौथा आहे. माझ्यापुढचे तिघे ठणठणीत आहेत आणि मला घाई नाही.

तिथे बोलणे होते ते कापसाच्या भावाचे. भाव आणि दव यांचा संबंध शहरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो. हमीभावाच्या खरेदीत कापसातला ओलावा यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. त्यामुळे दव सुकल्याशिवाय पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) हात लावायचा नाही, असे शेतमालक बजावतात. वेचायला आलेल्या बायका तोवर बांधावर ओळीने बसून ऊन घेतात, कोणी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडते, कोणी दुसरीच्या पायातला काटा काढते. पहाटे चारला उठून चूल पेटवलेल्या त्या बायकांना दिवसभरात फुकट मिळणारा वेळ एवढाच, आणि तो दवामुळे मिळतो.

दुसरे सुख सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्याची सुरुवात सुखाची नाही. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणे, रात्रीच करावे लागते. हरभऱ्यावर स्प्रिंकलर चालतो, आणि त्याचे पाईप दर दोन-तीन तासांनी उचलून पुढच्या पट्ट्यात न्यावे लागतात. विहिरीचे पाणी थंडीत कोमट असते, त्यामुळे मोटारीजवळच्या पाइपाला हात लावला तर बरे वाटते. पण तेच पाणी नोझलमधून उडून अंगावर येईपर्यंत बर्फासारखे झालेले असते. पाईप सोडवताना कितीही जपले तरी एक फवारा मानेवरून आत शिरतोच. शिवाय रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागल असते ती वेगळी. तारेच्या कुंपणाला लावायचे झटका मशीन आता पुष्कळांनी घेतले आहे, तरी तुरीच्या शेंगा भरल्या की माणूस शेतात झोपतोच.

या रात्रींचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. आमच्याच जिल्ह्यात राळेगाव आणि पांढरकवड्याच्या बाजूला माणसे मारणाऱ्या टी-१ वाघिणीची दहशत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घालून मारले, त्याआधी तिकडे रात्री शेतात जाणे म्हणजे काय होते हे ज्यांनी भोगले त्यांना विचारावे. दिवसा वीज मिळाली तर मी हे सुख आनंदाने सोडून देईन. पण जोवर मिळत नाही तोवर शेकोटी आहे.

शेकोटी हा शब्द तुमच्याकडेही आहे, पण तुमची शेकोटी सोसायटीच्या आवारात, जेवण झाल्यावर, गरम कपडे घालून बसण्याची. आमचा वाटेकरी एकदा म्हणाला, "आंग वल्लं झाल्याशिवाय शेकोटी काय समजते, भाऊ?" त्यात सगळे आले. रात्री दोन वाजता पाईप बदलून, गुडघ्यापर्यंत भिजून, बोटे वाकेनाशी झालेला माणूस विस्तवाजवळ येतो तेव्हा आधी त्याला काहीच जाणवत नाही. मग बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, नखांच्या मुळाशी दुखू लागते, ओल्या पायजम्यातून वाफ निघताना दिसते आणि त्यानंतर कुठे ऊब पोटऱ्यांवरून वर चढू लागते. पुढून भाजत असते तेव्हा पाठ गार असते, म्हणून दर थोड्या वेळाने वळून बसावे लागते. चार माणसे असली की आपोआप एकाच वेळी वळतात.

जळणाचेही एक शास्त्र आहे. तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) पेटवायला सोप्या, तडतड वाजतात आणि बघता बघता संपतात. पऱ्हाटी त्यापेक्षा थोडी टिकते. रात्र काढायची असेल तर बाभळीचा ओंडका लागतो. या तुराट्या आणि पऱ्हाट्या गेल्या वर्षीच्या, बांधावर गंजी घालून ठेवलेल्या. यंदाच्या अजून समोर शेतात उभ्या असतात. त्या धुराचा वास स्वेटरमध्ये असा भिनतो की तीन धुण्यांतही जात नाही. विहीणबाई, गेल्या वर्षी तुमच्या दिवाणखान्यात "काहीतरी जळते आहे" असे तुम्ही म्हणालात, तो माझा स्वेटर होता. तेव्हा मी गप्प बसलो.

निखारे झाले की तुरीच्या ओल्या शेंगा. शेकोटीवर बसवायला एक काळा पडलेला गंज (तुम्ही त्याला पातेले म्हणता) शेतातल्या झोपडीत कायम असतो. झाडावरून भरलेल्या शेंगा तोडायच्या, हाताला लागतील तशा, फक्त आतला दाणा चांगला टपोरा झालेला असावा. गंजात तळाशी थोडे पाणी, मूठभर जाडे मीठ, वर झाकण. पाणी आटत आले की शेंगांचा हिरवा रंग जरा मळतो आणि मिठाची पांढरी रेघ कडेला दिसू लागते, तेव्हा उतरवायचे. शेंगेचे एक टोक चिमटीत धरून बाकीची दातांत धरायची आणि ओढायची. दाणे तोंडात राहतात, टरफल हातात येते, आणि टरफलावरचे मीठ ओठांना लागते. घरी याच दाण्यांना सोले म्हणतात, सोल्यांची भाजी होते, वांग्यात घालतात, नागपुरात कचोरी करतात. तेही चांगलेच लागते. पण मध्यरात्री ओल्या पायांनी खाल्लेल्या शेंगांशी मी त्याची तुलना करणार नाही.

तिसरी गोष्ट हरभऱ्याची आंब. ही आता खुद्द आमच्या गावातल्या तरुण मुलांनाही ठाऊक नाही. हरभऱ्याच्या झाडावर, पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते, तिच्यातून आंबट द्रव पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पहाटे दव पडले की ते त्यात मिसळते. उघड्या पायांनी हरभऱ्यातून चालले की भेगा चरचरतात, आणि बोट चाटले तर चिंचेसारखे आंबट लागते. माझी आई संध्याकाळी एक जुने, स्वच्छ धुतलेले सुती लुगडे हरभऱ्यावर अंथरून येत असे. पहाटे ते दवाने जड झालेले असे. आम्ही दोघे भावंडे दोन टोके धरत असू आणि ती मधून पिळत असे, खाली पितळेची परात. एवढ्या मोठ्या लुगड्यातून जेमतेम तांब्याभर पाणी निघे. ते गाळून बाटलीत भरायचे आणि वर्षभर पोटदुखीला, अपचनाला चमचाभर द्यायचे. औषध म्हणून त्याचा किती उपयोग होता हे मी सांगू शकत नाही. चमचा पाहिला की पोटदुखी थांबत असे हे मात्र खरे. स्प्रिंकलरखालच्या हरभऱ्यावर आंब धुऊन जाते, म्हणून मी दोन वर्षांपासून बांधाकडेचा एक लहान तुकडा मुद्दाम कोरडवाहू ठेवतो. आईचे लुगडे आता नाही. पलंगावरची चादर अंथरतो, आणि पिळायला मी एकटाच असल्यामुळे अर्धे मातीत जाते.

हुरड्याबद्दल लिहायचे टाळत होतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. वाणीच्या ज्वारीचा हुरडा आमच्याकडे बांधाबांधाने असे. गोवऱ्यांच्या आरात कणीस खुपसायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि तिखट-मिठाबरोबर किंवा गुळाबरोबर खायचा. पण सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली. आता एकट्याने ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरे आणि डुकरे त्याच एका तुकड्यावर येतात, म्हणून दुसराही पेरत नाही. गेल्या वर्षी जावयांना हुरडा खायचा होता, तेव्हा मी शेतकरी असून यवतमाळच्या रस्त्यावर पिशवीतला हुरडा विकत घेतला आणि तो आपल्याच शेतातला असल्यासारखा भाजला. त्यांना खूप आवडला. आज कबूल करतो.

बाकी वरुड-मोर्शीकडची अंबिया बहाराची संत्री, गावरान बोरे, कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, यांवर वेगळे लिहीत नाही, ती तुमच्यापर्यंत डब्यातून पोहोचतातच. जवसाचे फूल पोहोचत नाही, एवढेच सांगून ठेवतो. ते सकाळी उमलते, निळे असते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. सकाळी शेताजवळून गेलात तर जमिनीवर आकाश उतरल्यासारखे दिसते, आणि जेवून परत आलात तर तेच शेत साधे हिरवे. जवस पेरणारे आमच्या गावात आता दोघेच आहेत.

तेव्हा यायचे असेल तर पौषात या, पण निघण्याआधी फोन करून विजेची पाळी विचारा. दिवसाची पाळी असेल तर देवळाच्या भिंतीपाशी बसू. व्याह्यांना शेवटच्या टोकाची जागा मिळेल, पाहुणा असला तरी तिथला क्रम मोडत नाहीत. रात्रीची असेल तर सोबत कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणा आणि स्वेटर जुना आणा. विहीणबाई आल्या तर फार बरे होईल, कारण पहाटे चादरीचे दुसरे टोक धरायला मला माणूस हवे आहे.